नाव कंपनीचे, बोली कोणाची?

आमचा समाज ‘ईस्ट इंडियन’ या नावाने ओळखला जातो. राहतो आम्ही भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर, ठाणे, साष्टी, वसई आणि मुंबईच्या जुन्या गावठाणांत. आणि नाव मात्र पूर्वेचे! नव्याने ओळख झालेल्या गृहस्थाला हा उलगडा करून देता देता समोरचा चहा निवून जातो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गोवा आणि मंगळूरकडचे ख्रिस्ती बांधव आगबोटींनी नोकरीसाठी मुंबईत येऊ लागले. पोर्तुगीज आडनावे त्यांचीही होती, आमचीही होती. इंग्रज साहेबाच्या लेखी सारेच ‘पोर्तुगीज ख्रिश्चन’. आमची माणसे ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून कचेऱ्यांत कारकुनी करीत आलेली. आपला हक्क वेगळा उठून दिसावा म्हणून व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, म्हणजे १८८७ साली, आमच्या पुढाऱ्यांनी हे नाव धारण केले आणि बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशनची स्थापना केली. मौज अशी की, कंपनीचे राज्य १८५८ मध्येच संपले होते आणि खुद्द कंपनीही १८७४ मध्ये बरखास्त झाली होती. धनी गेला, पेढी बुडाली, आणि मग कारभाऱ्याने दारावर धन्याच्या नावाची पाटी लावली, असा तो प्रकार! याच समाजातले काका बाप्टिस्टा पुढे १९१६ साली टिळकांच्या होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष झाले, ही गोष्ट आम्ही पाहुण्यांना मुद्दाम सांगतो. नावाने काही काळ झाकोळलेली बाजू त्यामुळे जरा उजळते.

या नावाचा आणखी एक धनी जगात आहे, हे मात्र आम्हांला फार उशिरा कळले. आमची एक पुतणी लंडनच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. रात्रपाळीला तिच्या जोडीला जमैका बेटावरून आलेली एक प्रौढ परिचारिका असे. एका रात्री बोलता बोलता तिने आमच्या पुतणीला तिची जात-जमात विचारली. ‘मी ईस्ट इंडियन,’ असे हिने सांगताच ती बाई हर्षभरित होऊन म्हणाली, ‘माझी पणजीसुद्धा ईस्ट इंडियनच होती!’ काही दिवस दोघी एकमेकींना दूरच्या नात्यातल्या समजत होत्या. मग खुलासा झाला. गुलामगिरी संपल्यावर उसाच्या मळ्यांसाठी इंग्रजांनी हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेले. जमैकात त्यांचे पहिले जहाज १८४५ च्या मे महिन्यात लागले आणि पुढील सत्तर वर्षांत सुमारे ३६ हजार माणसे तिकडे गेली. बहुतेक गंगेकाठची. कोलंबसाने चुकून त्या बेटांना ‘इंडीज’ म्हटले होते. त्यामुळे खऱ्या हिंदुस्थानातून आलेल्यांना ‘ईस्ट इंडियन’ म्हणणे भाग पडले. एका दर्यावर्दी माणसाचा गैरसमज आणि एका व्यापारी कंपनीची पाटी, यांतून पृथ्वीच्या दोन टोकांना एकच नाव चिकटले.

त्या दोघींची मैत्री मात्र टिकली, आणि तिच्यातून जमैकाची हकीकत आमच्या डोंबिवलीच्या घरात शिरली. या बेटावर १६५५ मध्ये इंग्रजांनी स्पॅनिशांकडून ताबा मिळवला. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून साखळदंडांत घालून आणलेल्या माणसांच्या घामावर तिथली साखर पिकली. १८३४ मध्ये गुलामगिरी रद्द झाली आणि खरी सुटका १८३८ मध्ये झाली. नाना जमातींच्या या माणसांना परस्परांची भाषा येत नव्हती आणि मुकादमाची इंग्रजीही नीट येत नव्हती. त्या कोंडीतून एक नवी बोली जन्मली, तिला पॅटवा म्हणतात. शब्द बहुतांशी इंग्रजी, पण ठेवण निराळी आणि मधूनमधून आफ्रिकेचे अस्सल शब्द. ‘तुम्ही सगळे’ म्हणायचे तर ‘उनू’. हा शब्द नायजेरियातल्या इग्बो भाषेतला. लहान मुलाला म्हणतात ‘पिकनी’. आणि हा शब्द चक्क पोर्तुगीज आहे! आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांचा व्यापार प्रथम पोर्तुगीजांनी मांडला, तेव्हा त्यांचा ‘लहानगा’ हा शब्द जहाजांबरोबर जगभर फिरला. ज्यांच्या गलबतांनी ‘पिकनी’ तिकडे नेला, त्यांच्याच गलबतांनी आमच्या घरात पाव, बटाटा, चावी, साबण, बादली आणि ‘नाताळ’ हे शब्द आणले.

तिकडच्या शाळांत पॅटवा बोलणे म्हणजे ‘मोडके इंग्रजी’ बोलणे, असा समज पिढ्यान्‌पिढ्या होता. लुईस बेनेट, लाडके नाव मिस लू, या कवयित्रीने विसाव्या शतकाच्या चाळिशीत वर्तमानपत्रातून त्या बोलीत कविता लिहिल्या. लोक हसले, मनापासून हसले. पण तिला कवींच्या पंगतीत पाट मांडायला विद्वानांनी बराच वेळ घेतला. मराठी वाचकाला यात नवल वाटू नये. बहिणाबाईंची गाणी त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आली, तोवर खानदेशी बोलीत महाकाव्याचा ऐवज आहे असे कोणाला वाटले होते?

आता आमच्या बोलीकडे वळतो. ग्रियर्सनच्या भाषापाहणीचा मराठीचा खंड १९०५ साली निघाला, त्यात ठाणे जिल्ह्यातल्या ख्रिस्ती लोकांच्या बोलीची ‘किरिस्ताव’ म्हणून स्वतंत्र नोंद आहे. कोळी, आगरी बोलींची ती सख्खी बहीण. तिच्यात ‘ण’ला जागा नाही आणि ‘ळ’लाही नाही, पाणी ते पानी, डोळा तो डोला, मला ऐवजी ‘मना’. आमच्या चरईच्या घरात स्वयंपाकघरात आणि परसदारी हीच बोली चाले. दिवाणखान्यात पाहुणा आला की इंग्रजी, आणि दाराशी भाजीवाली आली की पुन्हा ‘मना’ आणि ‘तुना’. शाळेत एका गुरुजींनी आमच्या धाकट्या भावाला ‘पानी’ म्हटल्याबद्दल सबंध वर्गासमोर तेवढा एकच शब्द पन्नास वेळा म्हणायला लावला होता. त्याने तो पन्नास वेळा म्हटला, ‘पानी’ असाच. त्याची जीभ वळेना आणि गुरुजींचा संयम सरेना. त्या दिवसापासून घरी तो फारसे बोलेनासा झाला. आज तो उत्तम इंग्रजी आणि उत्तम हिंदी बोलतो. मराठीत मात्र पाहुण्यासारखा वावरतो.

डोंबिवलीला राहायला आल्यावर निराळाच अनुभव. हे मराठी वाचकांचे, व्याख्यानमालांचे गाव; २०१७ साली इथे नव्वदावे अखिल भारतीय साहित्य संमेलन भरले. शेजारी सालस, सुशिक्षित. पण पहिल्याच भेटीत हमखास प्रश्न येई, ‘अहो, तुम्ही मराठी इतकं छान कसं बोलता?’ प्रश्नामागे कौतुकच असे, यात शंका नाही. मात्र ठाण्याच्या तलावपाळीच्या काठी सात पिढ्या घालवलेल्या माणसाने या कौतुकाचे काय करावे? त्यातच चर्चमध्ये नवी पंचाईत. इथल्या धर्मग्रामांत गोव्याचे, मंगळूरचे, केरळचे, तमिळनाडूचे, अहमदनगरकडचे असे सर्व ठिकाणचे भाविक. मल्याळी सीरो-मलबार बांधवांचा तर १९८८ पासून कल्याण नावाचा स्वतंत्र धर्मप्रांत. ज्याची त्याची मिस्सा ज्याच्या त्याच्या भाषेत. आमची बोली ना इंग्रजी, ना कोकणी, ना पुस्तकी मराठी. मग ती ब्लॉकच्या चार भिंतींत राहिली, आणि तिथूनही मुले शाळेत जाऊ लागल्यावर हळूहळू दाराबाहेर गेली. ती कोणी हाकलली नाही. तिला बसायला कोणी पाट दिला नाही, इतकेच.

आमच्या पूर्वजांची आणखी एक भाषा होती, ती तर पुरतीच गेली. १५३४ च्या तहानंतर वसई आणि तिच्याभोवतीचा मुलूख पोर्तुगीजांकडे आला. ठाणे मराठ्यांनी १७३७ मध्ये जिंकले आणि वसई १७३९ मध्ये. या दोनशे वर्षांत इथे पोर्तुगीज आणि मराठी यांच्या संगतीतून एक मिश्र बोली रुजली. फिरंगी राज्य गेल्यावरही ती कित्येक ख्रिस्ती घरांत नांदत होती. मोन्सिन्योर सेबास्तियांव दालगादो या गोमंतकीय धर्मगुरू पंडितांनी १९०६ मध्ये या ‘उत्तरेकडच्या’ बोलीवर सविस्तर लिहिले. आज ठाण्यात तिचा एक बोलणारा सापडायचा नाही.

पण रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, कोर्लई गावात, ती जिवंत आहे! चौल पोर्तुगीजांच्या हातून १७४० मध्ये गेले. अधिकारी निघून गेले, गरीब ख्रिस्ती कुटुंबे गडाच्या पायथ्याशी राहिली. माऊंट कार्मेलच्या मातेचे चर्च आणि ही बोली, एवढेच त्यांच्याजवळ उरले. तेथील रहिवासी तिला ‘नोलिंग’ म्हणतात. अर्थ अगदी सरळ, ‘आमची भाषा’. क्लेमेंट्स या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९९६ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. शब्द पोर्तुगीज, पण वाक्याची चाल मराठी, क्रियापद शेवटी. आम्ही एका उन्हाळ्यात सहकुटुंब तिकडे गेलो होतो. किनाऱ्यावर जाळी विणणाऱ्या दोन बाया आपसांत बोलत होत्या. शब्द एकही कळेना, पण हेल, उसासा, शेवटी ‘काय करावे आता’ असा हात झाडणे, सारे आमच्या चरईचे. आम्ही तिथेच वाळूत बसून राहिलो. त्यांना वाटले, पाहुण्यांना ऊन लागले. त्यांनी पाणी आणून दिले आणि अस्खलित मराठीत विचारपूस केली. गावातील मुले मराठी शाळेत शिकतात, घरी नोलिंग बोलतात, आणि त्यात कोणाला काही अडचण वाटत नाही.

आता जरा नाजूक विषयाला हात घालतो. गेल्या नाताळात पुतणी घरी आली होती. फुगे तळून झाले होते, विंदालूचा वास घरभर होता, सारे गोतावळ्यासह जेवायला बसले होते. तिने सहज विचारले, ‘काका, आपल्यात आफ्रिकेचा काही अंश असेल का हो?’ ताटांवरचे हात थांबले. आमचे थोरले बंधू, म्हणजे तिचे वडील, घास खाली ठेवून म्हणाले, ‘भलतंच काय विचारतेस? आपण मूळचे ब्राह्मण. आणि आजीकडून पोर्तुगीज.’ विषय तिथेच मिटला. बंधूंच्या शब्दापुढे आमच्या घरात कोणी जात नाही.

पण आम्ही पुष्कळ दिवस मनाशी हिशेब मांडत होतो. आमच्या समाजात ज्या घरी जावे तिथे हीच दोन मुळे सांगितली जातात, धर्मांतरित ब्राह्मण किंवा पोर्तुगीज सरदार. मग कोळी कुठे गेले? कुणबी, भंडारी, आगरी कुठे गेले? किनाऱ्यावरची एवढी गावे काय केवळ पुरोहितांनी आणि सरदारांनी वसवली होती? आणि त्याच पोर्तुगीज घरांत एक तिसरी माणसेही होती, हे इतिहासाच्या कोणत्याही विद्यार्थ्याला ठाऊक आहे. गोवा, दमण, दीव आणि या उत्तर मुलखातल्या फिरंगी वाड्यांत मोझांबिककडून आणलेले गुलाम राबत. पालखीचे भोई ते, छत्री धरणारे ते, स्वयंपाकी ते, दायाही त्यांच्यातल्या. त्यांचा बाप्तिस्मा होई. त्यांना मिळणारी नावेही आमच्यासारखीच, संतांची. आणि आडनावे धन्याची. दोनशे वर्षांनी फिरंगी गेले. मग ती माणसे गेली कुठे? वाफ होऊन आकाशात तर गेली नसतील.

काही ठिकाणी त्यांची वाट दिसते. उत्तर कन्नडच्या हल्याळ-यल्लापूरच्या जंगलात सिद्दी लोक आहेत. त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि कॅथलिक असे तिन्ही धर्म आहेत. गोव्यातून पळालेल्या गुलामांचे ते वंशज मानले जातात आणि कोकणीच्या वळणाची भाषा बोलतात. २००३ मध्ये तिथे त्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला आणि २०२० मध्ये शांताराम सिद्दी हे कर्नाटकाच्या विधानपरिषदेवर गेले. आमच्या मजल्यावरचे शेजारी फोर्ट कोचीचे. त्यांनी सांगितले की, त्यांच्या गावी ‘काप्पिरी मुत्तप्पन’ म्हणून एक जागृत स्थान आहे. १६६३ मध्ये डच चालून आले, तेव्हा पोर्तुगीजांनी धन पुरले आणि राखण करण्यासाठी आपल्या आफ्रिकी गुलामाला तिथेच मारून टाकले, अशी आख्यायिका आहे. लोक अजून त्याच्यापुढे मेणबत्ती लावतात, चिरूट ठेवतात. शेजारी हे सांगत असताना त्या ‘काप्पिरी’ शब्दावर आमचे लक्ष अडकले, कारण तो शब्द आमच्या घरातला होता.

आमच्या आत्याला लहानपणी ‘काप्रीन’ म्हणत. रंगाने काळीभोर, केस कुरळे, ओठ भरदार. बाकी भावंडे गव्हाळ. घरातले प्रेमाने म्हणत, शेजारचे चेष्टेने म्हणत आणि स्थळ पाहायला येणारे मनात म्हणत असावेत, कारण तिचे लग्न जमले नाही. घरातल्या जुन्या छायाचित्रांत ती बहुधा मागच्या ओळीत, कोणाच्या तरी खांद्याआड. त्या शब्दाचा अर्थ काय, कुठून आला, हे घरात कधी कोणी विचारले नाही. नुसती हाक होती ती. एका शब्दावरून वंशावळ सिद्ध होत नाही, हे आम्ही जाणतो. काळा रंग या मातीचाही आहे. पण पोर्तुगीज आजीचा पुरावा तरी आमच्याजवळ कोणता आहे? एक गोरी कातडी आणि एक ऐकीव गोष्ट. गोऱ्या कातडीची साक्ष आम्ही मानतो आणि कुरळ्या केसांची उडवून लावतो, हा न्याय विचित्र खरा.

जमैकातही हेच होते. कातडी जितकी उजळ तितकी खुर्ची पुढे; आफ्रिकेचे नाव निघाले की बोलणे दुसरीकडे वळे. मार्कस गार्वी या मनुष्याने ‘आपण आफ्रिकेचे आहोत’ असे ठणकावून सांगितले, तेव्हा त्याच्याच लोकांतल्या प्रतिष्ठितांना ते रुचले नाही. तो १९४० मध्ये लंडनला वारला. देश १९६२ मध्ये स्वतंत्र झाल्यावर, १९६४ साली त्याचे अवशेष मायदेशी नेऊन त्याला पहिला राष्ट्रवीर ठरवण्यात आले. त्याचा जन्म १८८७ चा. ज्या वर्षी आमच्या वाडवडिलांनी कंपनीचे नाव घेतले, तेच वर्ष! यात अर्थ शोधू नये, पण नोंद करावीशी वाटते. तुलना फार ताणण्यातही हशील नाही. आमच्या पूर्वजांना कोणी विकले नव्हते, त्यांची शेते त्यांच्याजवळ राहिली, गावठाणे राहिली. त्यांचे नाव आणि राजा बदलला. जमैकातल्या माणसांचे तर आकाशही बदलले. म्हणूनच त्यांना स्वतःचे मूळ शोधताना जो त्रास झाला त्याच्या शतांशही आम्हांला होऊ नये. आणि तरीही आमच्या जेवणाच्या टेबलावर हात थांबतात.

पुतणीने येताना एक पुस्तक आणले होते. तिच्या त्या जमैकन मैत्रिणीने भेट दिलेला पॅटवा बोलीतला नवा करार. बायबल सोसायटी ऑफ द वेस्ट इंडीजने तो २०१२ मध्ये, स्वातंत्र्याच्या पन्नासाव्या वर्षी प्रसिद्ध केला. तिथल्या काही चर्चेसमध्येही नाराजी होती म्हणे. देवाचे वचन बाजारच्या बोलीत कसे वाचायचे? आमच्याकडे फादर दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ आहे, त्याला २०१३ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आम्ही ते रोज वाचतो आणि त्याच्या मराठीवर आमचे प्रेम आहे. पण शुभवर्तमान आमच्या स्वयंपाकघराच्या बोलीत कसे ऐकू येईल, हा विचार आम्हांला त्या जमैकन पुस्तकाने प्रथम सुचवला.

खरे म्हणजे ते एकदा ऐकू आले होते. फ्रान्सिस्को वाझ द गिमाराइश यांचे ख्रिस्ताच्या दुःखसहनावरचे पुराण १६५९ मध्ये लिस्बनला छापले गेले. फादर स्टीफन्सच्या १६१६ च्या ‘ख्रिस्तपुराणा’सारखा त्याला पांडित्याचा साज नाही, ते आमच्याच किनाऱ्याच्या बोलभाषेत आहे. प्रायश्चित्तकाळात ठाण्या-साष्टीच्या घरांतून ते रात्री गायले जाई. आमच्या आत्याला त्यातले कितीतरी भाग मुखोद्गत आहेत. घरात कोणी तिला कधी गायला सांगत नसे. ती गाई ते पवित्र आठवड्यात, भांडी घासताना.

या मार्चमध्ये पुतणीने पुन्हा रजा काढली, ती आत्यासाठी. आत्याचे वय आता चौऱ्याऐंशी. चरईच्या घराचा सौदा झाला आहे, पावसाळ्यानंतर ते पाडतील. पुतणीने मोबाईल टेबलावर ठेवला आणि म्हणाली, ‘आत्याआजी, म्हणा.’ आत्याने आधी पुष्कळ आढेवेढे घेतले. मग तिने त्या जमैकन पुस्तकाकडे बोट दाखवून विचारले, ‘हे कोनाचं?’ पुतणीने सांगितले, आफ्रिकेतून आलेल्या माणसांचे, त्यांच्या घरच्या भाषेतले. थोरले बंधू खिडकीकडे तोंड करून वर्तमानपत्र वाचत होते; पान मात्र उलटत नव्हते. आत्याने पुस्तक हातात घेतले, वास घेतला, उलटसुलट पाहिले.

‘माझ्यासारखी काली हायत ती?’

‘हो, आत्याआजी.’

‘पान्याला काय बोलतान?’

‘वाटा.’

आत्याने तो शब्द दोनदा स्वतःशी म्हणून पाहिला आणि खो खो हसली. मग पदर सावरून, गळा खाकरून तिने पुराणातला गेथसेमनी बागेचा भाग धरला. अडीच तास ती थांबली नाही. मध्ये एकदा आवाज खरखरला, तेव्हा बंधू उठले आणि आतून तांब्या-पेला घेऊन आले.